शांततेचा कायदा आणि विचाराची सवड

सार्वजनिक शांतता राखणें हें राज्याचें पहिलें कर्तव्य होय, याविषयीं दुमत नाहीं. दंगेखोरांपासून व सशस्त्र बंडखोरांपासून प्रजेचें रक्षण व्हावयाचें तर पोलिसांच्या हातीं अधिकार असलेच पाहिजेत. प्रश्न एवढाच कीं, ते अधिकार देतांना शब्द किती तोलले जातात, आणि विचाराला किती सवड मिळते.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचेंच उदाहरण घ्यावें. जुलै २०२४ मध्यें, पावसाळी अधिवेशन संपत आलें असतां, तें विधानसभेंत मांडलें गेलें. त्या वेळीं तें मंजूर झालें नाहीं. डिसेंबरांत नागपूर येथें पुन्हां मांडून तें संयुक्त समितीकडे सोंपविण्यांत आलें. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. या सवडीचें फळ उघड दिसतें. मूळ मसुद्यांत व्यक्ति व संघटना यांच्या बेकायदेशीर कृत्यांचा मोघम उल्लेख होता. त्याऐवजीं कडव्या डाव्या विचारसरणीच्या व तत्सम संघटना असा उद्देश घालण्यांत आला. पुढें १० जुलै २०२५ रोजीं विधानसभेनें व दुसऱ्याच दिवशीं विधान परिषदेनें विधेयक संमत केलें.

तथापि व्याख्येंतील शब्द अद्याप विस्तीर्णच आहेत. प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणें हेंही तींत बेकायदेशीर कृत्य ठरतें; आणि अशा कृत्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा असून गुन्हा अजामीनपात्र आहे.

या शब्दांची व्याप्ति वाशीमकरांस जवळच्याच इतिहासावरून कळेल. पुसद तालुका १९०५ पर्यंत जुन्या वाशीम जिल्ह्यांत होता. त्याच पुसद येथें १० जुलै १९३० रोजीं लोकनायक बापूजी अणे यांनीं राखीव जंगलांतील गवत कापून सरकारी कायदा मोडला व तुरुंगवास पत्करला. कायद्याची ती उघड अवज्ञा होती, आणि इतरांस तसें करण्याचें आवाहनही होतें. हेच अणे पुढें स्वतंत्र भारतांत बिहारचे राज्यपाल झाले. जो शब्द बंदूकधाऱ्याला व विळाधारी सत्याग्रह्याला एकाच मापानें मोजतो, तो शब्द नीट तोललेला नव्हे.

घाईचा परिणाम १९१९ सालीं देशानें पाहिला. हिंदी लोकप्रतिनिधींचा विरोध डावलून मार्च महिन्यांत रौलट कायदा झाला. देशभर हरताळ पडले, आणि १३ एप्रिल रोजीं जालियनवाला बागेंत गोळीबार झाला. त्या कायद्यानें शांतता आली नाहीं, गेली. १९२२ मध्यें तो रद्द झाला.

उलट मर्यादित अधिकाराचा नमुना आपल्या परिचयाचा आहे. सणावारीं वा मोर्चांच्या वेळीं महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१, याच्या ३७ व्या कलमान्वयें जिल्ह्यांत जमावबंदीचे हुकूम निघतात. परंतु शासनाच्या मंजुरीवांचून असा हुकूम पंधरा दिवसांपलीकडे चालत नाहीं. सोयाबीनच्या भावासाठीं मोर्चा नेणाऱ्या शेतकऱ्यास आपला मार्ग केव्हां मोकळा होईल, हें आधींच ठाऊक असतें.

कायदा करणारे मंत्री बदलतात, अंमलदारांच्या बदल्या होतात. शब्द मात्र पुस्तकांत राहतात, आणि उद्यां कोणाच्या हातीं पडतील तें कोणास सांगतां येत नाहीं. म्हणून सुशिक्षित घरांतून विधेयकें वाचलीं जावींत, त्यांवर सूचना धाडल्या जाव्यात, आणि अधिकारास व्याख्या, मुदत व न्यायालयाची देखरेख हीं तीन कुंपणें मागितलीं जावींत. बारा हजार सूचनांनीं एका मसुद्याचा उद्देश पालटला, हें ध्यानांत ठेवावें.