कोरडवाहू शेतकऱ्याची जोखीम आणि शहरवासीयांचें कर्तव्य

(सोलापूर येथें दुष्काळ-निवारण समितीच्या सभेंत समितीच्या एका वकील सभासदानें केलेलें भाषण)



समितीनें मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां चिटणिसांनीं एक सूचनाही दिली कीं, श्रोत्यांच्या अंतःकरणाला पाझर फुटेल असें कांहीं बोलावें. तें काम मजहून चांगलें करणारे वक्ते या व्यासपीठावर आहेत. मी धंद्यानें वकील; माझें आयुष्य दस्तऐवज वाचण्यांत गेलें. म्हणून आज एका दस्तऐवजाचीच हकीकत सांगतों, आणि तीवरून आपणांपुढें एक मागणी मांडतों. मागणी अशी कीं, पीक बुडाल्यावर धान्य वांटण्यासाठीं जो फंड आपण गोळा करतों, त्याच्या जोडीला एक निराळें खातें उघडावें. आणि या शहरांतील ज्या कुटुंबांना शक्य आहे त्यांनीं आपल्या घरच्या वर्षाच्या ज्वारीची किंमत पेरणीपूर्वींच त्या खात्यांत भरावी. समितींत यावर मतभेद आहे, हें मी लपवीत नाहीं. मूळचा फंड यानें आटेल, अशी कित्येक वडीलधाऱ्या सभासदांना भीति वाटते. त्यांना मी उत्तर देणार आहें, पण आधीं हकीकत.

सुमारें सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वीं, वकिलीच्या आरंभीच्या काळांत, मजकडे एक दावा आला. वादी जिरायत जमिनीचा मालक, वय साठीच्या घरांतलें; प्रतिवादी त्याच भागांतला एक पैसेवाला गृहस्थ. मी प्रतिवादीचा वकील होतों. वादीनें आपली साडेतीन एकर जमीन नोंदलेल्या खुशखरेदीनें प्रतिवादीस लिहून दिली होती. त्याचें म्हणणें असें कीं, ही खरेदी नांवाचीच, खरा व्यवहार कर्जाचा. पैसे फिटल्यावर जमीन परत करण्याचें तोंडी वचन होतें. त्या वचनाचे साक्षीदार दोन. एक मयत झालेला, दुसरा ऐन वेळीं उलटलेला. दस्त स्पष्ट, नोंदणी बिनचूक, सात-बारावर फेरफार झालेला. दावा खर्चासह रद्द झाला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर तो म्हातारा मला म्हणाला, “सायेब, एवढ्या कागदांत पावसाचं नाव कुठंच न्हाई का?” मला त्या वेळीं हंसूं आलें. घरीं जाऊन तो प्रसंग मीं गंमत म्हणून सांगितला, हें आज कबूल करतांना लाज वाटते. पुढें कांहीं वर्षांनीं जुन्या फायली आवरतांना त्याचा जबाब पुन्हा वाचला. पहिलें कर्ज बियाणें व नांगरट यांसाठीं. त्या सालीं परतीचा पाऊस आला नाहीं. दुसरें कर्ज पहिल्याच्या व्याजासाठीं व बैलांच्या वैरणीसाठीं. त्या सालीं ज्वारी पोटऱ्यांत असतां जमिनीची ओल तुटली. तिसऱ्या सालीं पीक चांगलें आलें, परंतु तें सर्वांचेंच चांगलें आल्यामुळें भाव बसला. त्यानंतर खुशखरेदी. मध्यें लग्न नाहीं, बारसें नाहीं, व्यसन नाहीं. शेतकरी उधळेपणानें कर्जबाजारी होतो, अशी आपल्या शिकलेल्या वर्गाची एक आवडती समजूत आहे, माझीही होती. त्या जबाबांत तिला तिळमात्र आधार नव्हता.

म्हाताऱ्याचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनेंही अगदीं रास्त होता. पाऊस न पडण्याची जोखीम त्या व्यवहारांत कोणाच्या अंगावर होती? कागदांत कांहीं लिहिलेलें नव्हतें, म्हणून सगळी त्याच्या.

ही गोष्ट आजकालची नव्हे. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ पर्यंत, आपल्याकडील कापसाला भाव चढला आणि सावकारांनीं हात सैल सोडला. युद्ध संपलें, भाव कोसळला. त्यांतच नव्या पाहणीनें सारा वाढला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंगा झाला व तो पुणें आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील गांवांत पसरला. बहुतेक ठिकाणीं लोकांनीं सावकाराच्या जिवाला हात लावला नाहीं; खतें मागितलीं आणि जाळलीं. पण खत जाळल्यानें पाऊस पडत नाहीं. दुसऱ्याच वर्षीं १८७६ चा दुष्काळ आला, आणि त्यांत आपला सोलापूर जिल्हा किती भाजून निघाला, हें मीं सोलापुरांतच सांगण्याचें कारण नाहीं. १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणें, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांपुरता त्यानें न्यायाधीशाला कागदाच्या पाठीमागें जाऊन देवघेवीचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. अलीकडे २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानें अवैध सावकारींत गेलेली जमीन परत देववण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास दिला आहे. दिवाणी व्यवहार संहितेच्या ६० व्या कलमानें शेतकऱ्याचीं औतें, जरूर तेवढीं जनावरें व बियाण्याचें धान्य जप्तींतून वगळलें आहे. हीं सर्व कलमें मी आदरानें वाचतों. परंतु बैल आणि बियाणें शाबूत राखून जमीनच विकली गेली, तर त्या बैलांनीं कोठें चालावें? कायदा कर्ज झाल्यावर येतो; जोखीम पेरणीच्या आधीं येते.

आतां ती जोखीम आपल्या ताटांतल्या भाकरीपासून पाहूं. आपण जी रब्बी ज्वारी खातों, ती मंगळवेढें, मोहोळ, बार्शी या बाजूच्या काळ्या जमिनींत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्यें पेरली जाते आणि जमिनींत मुरलेल्या ओलीवर फेब्रुवारी-मार्चपर्यंत वाढते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. ट्रॅक्टरचें भाडें, बियाणें, खत, पेरणीची मजुरी, हा सारा खर्च पाऊस किती पडणार हें कळण्यापूर्वीं होऊन गेलेला असतो. एकदां बी मातीआड झालें कीं तो पैसा परत मिळत नाहीं. पुढें काढणीला हातानें ताटें उपटावीं लागतात. ती मजुरी रोख. कणीस खळ्यावर येतें न येतें तोंच सोसायटीच्या कर्जाची ३१ मार्च ही तारीख उभी. त्या तारखेपूर्वीं भरणा केला तर व्याजाची सवलत. चुकली तर सवलतही गेली आणि पुढील कर्जही अडलें. म्हणून मार्चमध्यें सगळ्यांची ज्वारी एकदम अडत्याच्या दारीं येते आणि भाव पडतो. कित्येक जण खाजगी माणसाकडून आठ-पंधरा दिवसांपुरते पैसे उचलून सोसायटीचा भरणा करतात व नवें कर्ज मिळतांच ते फेडतात. यालाच गांवांत ‘नवंजुनं करणें’ म्हणतात. बँकेच्या वहींत तें कर्ज दरसाल फिटलेलें दिसतें. मध्यल्या पंधरा दिवसांचें व्याज मात्र कोणत्याच वहींत नसतें.

सरकारनें कांहीं केलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९७२ च्या दुष्काळांत उभी राहिलेली आणि १९७७ च्या कायद्यानें पक्की झालेली रोजगार हमी, जिच्यामागें वि. स. पागे यांची तळमळ होती, ती देशाला महाराष्ट्रानें दिलेली देणगी होय. २०१६ च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजना आहे. अन्नधान्याच्या पिकांना शेतकऱ्याचा हप्ता खरिपांत शेंकडा २ व रब्बींत दीड. महाराष्ट्रानें २०२३ मध्यें तो एक रुपयावर आणला होता. २०२५ मध्यें ती सवलत बंद झाली. पण विम्याची भरपाई महसूल मंडळांतल्या पीककापणीच्या प्रयोगांवरून ठरते. मंडळाचें सरासरी उत्पन्न बरें निघालें, तर ओढ्यापलीकडच्या माळावर ज्याचें शेत करपलें त्याला कांहीं मिळत नाहीं. ज्वारीला किमान आधारभूत भाव आहे. २०२५-२६ साठीं मालदांडीचा भाव क्विंटलला ३,७४९ रुपये ठरला. मात्र खरेदी केंद्र उघडेपर्यंत थांबण्याची ज्याची ऐपत, त्यालाच तो पावतो. दुसऱ्याची जमीन तोंडी बटईनें करणाऱ्याचें नांव तर कोठल्याच रकान्यांत नसतें. नवऱ्याच्या मागें शेत कसणाऱ्या बाईची वारसनोंद झालेली नसते, म्हणून तिला कर्ज नाहीं, विमा नाहीं आणि नुकसानभरपाईही नाहीं. (अशा वारसनोंदी विनामूल्य करून देण्याचें आम्हीं पांच-सहा वकिलांनीं ठरविलें आहे, ज्यांना ठाऊक असतील त्यांनीं तीं नांवें सभेनंतर मजजवळ द्यावीं.) आणि संकट कोरडेंच येतें असेंही नाहीं. २०२३ सालीं राज्यांत चाळीस तालुके दुष्काळी जाहीर झाले, आणि २०२५ च्या सप्टेंबरांत याच जिल्ह्यांत सीनेच्या पुरानें उभीं पिकें मातीसकट वाहून नेलीं.

येथें माझ्या धंद्याचा एक नियम सांगावासा वाटतो. दाव्याच्या निकालावर अवलंबून राहील अशी फी ठरविण्यास आम्हां वकिलांना मनाई आहे. पक्षकार जिंको वा हरो, आमची फी ठरलेली. आणि बहुधा आम्हीं ती आगाऊ घेतों. डॉक्टर, शिक्षक, कारकून, गिरणीतला कामगार, कोणाचाही मेहनताना पावसावर टांगलेला नाहीं. जी गोष्ट वकिलाला नीतीस सोडून म्हणून मना केली, तीच शेतकऱ्याची रोजची रीत आहे. तो बारा महिने निकालावर फी घेऊन काम करतो, आणि निकाल त्याच्या विरुद्ध गेला तरी आपल्याला भाकरी दुसऱ्या जिल्ह्याची मिळते.

म्हणून मागणी. ज्या कुटुंबाला वर्षाला दोन क्विंटल ज्वारी लागते, त्यानें भाद्रपदांत तिची किंमत या खात्यांत भरावी. भाव आधारभूत भावाहून कमी नसावा. पैसे गांवच्या शेतकरी-गटाला पेरणीपूर्वीं मिळावे, आणि कोणाला किती दिले तें चावडीच्या भिंतीवर लिहावें. मळणी झाली कीं ठरलेलें माप आधीं यावें. वरचें धान्य शेतकऱ्याचें, त्यानें हवें तेथें, हव्या त्या महिन्यांत विकावें. कडबा सगळा त्याचा. जिरायत शेतकऱ्याला कडबा म्हणजे जवळजवळ दुसरें पीक, त्यावर आपण दृष्टि ठेवूं नये. पीक अर्धें आलें तर अर्धें माप घ्यावें. अजिबात बुडालें तर कांहीं मागूं नये. कराराचा मसुदा मीं केला आहे. तो एका पानाचा आहे. त्यांत तारण नाहीं, व्याज नाहीं, दंडाचें कलम नाहीं. एक वाक्य मात्र ठळक अक्षरांत आहे: पाऊस न पडल्यास किंवा अतिवृष्टि झाल्यास होणारी तूट घेणाराची समजावी. त्या म्हाताऱ्यानें जें नांव शोधलें, तें या कागदांत आहे.

ही कल्पना माझी नव्हे. जपानांत १९७० नंतरच्या दशकांत शहरांतल्या गृहिणींनीं शेतकऱ्यांशीं असे थेट करार केले. अमेरिकेंत १९८६ पासून असलीं शेतें आहेत, जेथें गिऱ्हाईक हंगामापूर्वीं वांटा विकत घेतें आणि चांगल्यावाइटाचें भागीदार होतें. आपल्याकडे उसाला कारखान्याचा आधार आहे. ज्वारीला खाणाराशिवाय कोण?

आक्षेप मीं ऐकले आहेत. शेतकरी पैसे घेऊन चढ्या भावानें दुसऱ्यालाच माल विकील, असें एक सभासद म्हणाले. एखादा विकीलही. तीस वर्षांच्या वकिलींत शहरांतल्या शिकलेल्या लोकांचे करार मोडतांना मीं जितके पाहिले, त्याहून हें प्रमाण जास्त होईल असें मला वाटत नाहीं. आणि भिंतीवर लिहिलेलें नांव गांवांत कोर्टाच्या समन्सापेक्षां जड असतें. दुसरा आक्षेप खरा आहे: शेंदोनशें कुटुंबांनीं तालुक्याचा दुष्काळ हटणार नाहीं. नाहींच हटणार. आणि ज्याला जमीनच नाहीं त्या मजुराला या खात्याचा थेट उपयोग नाहीं. त्याच्यासाठीं मूळचा फंड पहिला, आणि तो मोडून हें खातें चालवावें असें मी म्हणत नाहीं. जें कुटुंब आगाऊ ज्वारी घेईल त्यानें वर्गणी बंद करूं नये, ही अट मीं स्वतः मसुद्याच्या शेवटीं घातली आहे. परंतु पेरलेल्या शेताला काढणी लागते, काढणीला मजूर लागतो. पडीक राहिलेल्या शेतावर मजुराचीही चूल पेटत नाहीं, एवढें वडीलधाऱ्या सभासदांनीं ध्यानांत घ्यावें.

पहिल्या वर्षीं दोन गांवें घ्यावीं, अधिक नकोत. दोन्ही गांवें कोरडवाहू असावीं, आणि निवड समितीनें करावी, मीं नव्हे. कारण माझे पक्षकार त्या भागांत आहेत. जमाखर्च समितीच्या अहवालांत पानाला पान जोडून छापावा, बुडालेलें माप किती तेंही त्यांत यावें.

मसुद्याच्या प्रती दाराजवळच्या मेजावर ठेवल्या आहेत. पावतीपुस्तक खजिनदारांपाशीं आहे. निराळ्या खात्याच्या पावत्या पिवळ्या कागदावर आहेत, वर्गणीच्या पांढऱ्या. घेतांना रंग पाहून घ्यावा. माझ्या घरच्या दोन क्विंटलांचे पैसे आणि यंदाची वर्गणी मीं सभेपूर्वीं भरली आहे.