चिपची परीक्षा आणि परीक्षेची विश्वासार्हता

(अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अध्यापकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

सेमीकंडक्टर उद्योगाचा विषय निघाला की गुंतवणुकीचे आकडे लगेच पुढे येतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये या क्षेत्रासाठी ७६,००० कोटी रुपयांच्या कार्यक्रमास मंजुरी दिली. जून २०२३ मध्ये गुजरातमधील साणंद येथील मायक्रॉनच्या प्रकल्पाला, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये धोलेरा, साणंद आणि आसाममधील जागीरोड येथील प्रकल्पांना मान्यता मिळाली. या चारपैकी धोलेरा येथील प्रकल्प प्रत्यक्ष चिपनिर्मितीचा आहे. उरलेले तीन प्रकल्प जुळणी, आवेष्टन आणि चाचणी यांसाठी आहेत. चाचणी हा आपल्या नव्या उद्योगाचा एक मुख्य आधार ठरणार आहे, हे त्यावरून स्पष्ट व्हावे. म्हणून अर्थशास्त्राचा अभ्यासक असूनही मी आज चाचणीतील एका तांत्रिक त्रुटीविषयी बोलणार आहे.

दोन प्रकारच्या चुका

कोणत्याही परीक्षेत दोन चुका संभवतात. सदोष वस्तू उत्तीर्ण होणे ही पहिली आणि निर्दोष वस्तू अनुत्तीर्ण होणे ही दुसरी. पहिल्या चुकीची तक्रार ग्राहक करतो. दुसरीची तक्रार कोणीच करीत नाही, कारण तो माल कारखान्याबाहेर पडतच नाही. समजा, एक लाख चिपपैकी दोन हजार निर्दोष चिप चाचणीत बाद झाल्या. त्यांच्यावरील कच्चा माल, वीज, अतिशुद्ध पाणी आणि यंत्रांचा वेळ यांचा सारा खर्च उरलेल्या चिपच्या किमतीत मिसळतो. हिशेबात तो ‘उत्पादनातील घट’ या नावाखाली जातो आणि खरे कारण झाकले जाते. ही दुसरी चूक घडविणारे एक कारण चिपच्या चाचणीमार्गातच दडलेले असते.

चाचणीमार्गाची रचना

आधुनिक चिपमध्ये लक्षावधी फ्लिप-फ्लॉप असतात. प्रत्येक फ्लिप-फ्लॉप शून्य किंवा एक यांपैकी एक मूल्य साठवतो. चिपच्या मोजक्या पिनांमधून इतक्या फ्लिप-फ्लॉपपर्यंत पोहोचणे शक्य नसते. यावरचा उपाय १९७० च्या दशकात विकसित झाला. चाचणीच्या वेळी सर्व फ्लिप-फ्लॉप एकामागून एक जोडून त्यांची साखळी करायची, तिच्या एका टोकाने ठरावीक मूल्ये आत सरकवायची, मंडलाला एक ठोका काम करू द्यायचे आणि मिळालेले उत्तर दुसऱ्या टोकाने बाहेर काढून तपासायचे. हीच स्कॅन चेन होय. आयबीएमने १९७७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एकमेकांवर न येणारे दोन क्लॉक वापरले होते. त्यामागील हेतू वेळेच्या अचूकतेवरील अवलंबित्व कमी करण्याचा होता. पुढे एकाच क्लॉकवर चालणारी सुटसुटीत रचना रूढ झाली आणि वेळेचा प्रश्न अभियंत्यांना स्वतंत्रपणे हाताळावा लागला.

चूक कशी घडते?

बांधकामावर घमेली पुढे देणारी मजुरांची रांग आपण पाहिली आहे. शिट्टी वाजताच प्रत्येकाने मागच्याच्या हातातील घमेले घ्यायचे, असा नियम समजा. रांगेतील एकाला शिट्टी उशिरा ऐकू आली, तर तोवर मागच्याने नवे घमेले घेतलेले असते. हा ते नवेच उचलतो आणि आधीचे घमेले हिशेबातून नाहीसे होते.

स्कॅन चेनमध्ये नेमके हेच घडते. नेहमीच्या कामकाजात दोन फ्लिप-फ्लॉपच्या दरम्यान बरेचसे तर्कमंडल असते आणि त्यातून जाताना संकेताला वेळ लागतो. चाचणीमार्गात मात्र एकाचे निर्गम दुसऱ्याला जवळजवळ थेट जोडलेले असते. क्लॉकचा ठोका पुढच्या फ्लिप-फ्लॉपपाशी उशिरा पोहोचला, तर जुने मूल्य टिपण्यापूर्वीच नवे मूल्य तेथे येऊन धडकते. यास होल्डची त्रुटी म्हणतात.

उदाहरणादाखल, संकेत पोहोचण्यास एकूण १०० पिकोसेकंद लागतात असे धरू. पुढच्या फ्लिप-फ्लॉपला ठोक्यानंतर ३० पिकोसेकंद जुने मूल्य स्थिर हवे आणि त्याच्या क्लॉकला १२० पिकोसेकंदांचा उशीर आहे. म्हणजे गरज १५० पिकोसेकंदांची, हाती १०० च; तूट ५० पिकोसेकंदांची. या हिशेबात दोन ठोक्यांमधील अंतर कोठेही येत नाही, हे लक्षात घ्यावे. संकेत उशिरा पोहोचण्याची त्रुटी असेल, तर क्लॉकचा वेग कमी करून निभावता येते. संकेत लवकर पोहोचण्याची ही त्रुटी वेग कितीही कमी केला तरी कायम राहते. ‘चाचणीत मूल्ये संथ गतीने सरकवतो, मग वेळेची चिंता कशाला?’ हा समज म्हणूनच महागात पडतो.

शिवाय निर्मितीतील सूक्ष्म फरकांमुळे काही चिपमध्ये ही तूट प्रकट होते, तर काहींमध्ये होत नाही. त्यामुळे दोष कारखान्याचा की आराखड्याचा, या वादात आठवडे खर्ची पडतात.

स्वस्त आणि वेळेवरचा उपाय

उपाय साधे आहेत. चिपमध्ये वेगवेगळ्या क्लॉकवर चालणारे विभाग असतात. साखळी एका विभागातून दुसऱ्यात जाते तेथे लॉक-अप लॅच हा छोटा घटक बसवतात. तो मागील विभागाच्या क्लॉकवर चालतो आणि जुने मूल्य आणखी अर्धा ठोका धरून ठेवतो. घमेल्यांच्या रांगेत मध्ये उभा राहून थोडा वेळ भार सांभाळणारा हा जादा मजूरच म्हणा ना! क्लॉकमधील जवळजवळ अर्ध्या ठोक्यापर्यंतचा फरक त्यामुळे निभावतो. एकाच विभागात साखळीची दिशा अशी ठेवता येते, की ठोका उशिरा मिळणारा फ्लिप-फ्लॉप आधी यावा आणि लवकर मिळणारा नंतर. गरजेच्या ठिकाणी विलंब देणारे बफर घालता येतात. आणि आराखडा अंतिम करण्यापूर्वी चाचणी-अवस्थेचे वेळेचे विश्लेषण स्वतंत्रपणे, विशेषतः चिप सर्वांत जलद चालेल अशा परिस्थितीसाठी, करता येते.

आराखड्याच्या टप्प्यावर या दुरुस्तीची किंमत अल्प जागा आणि काही दिवसांचे श्रम एवढीच असते. निर्मितीसाठी लागणारे मास्क तयार झाल्यावर तीच दुरुस्ती कोट्यवधी रुपयांची होऊ शकते. दोष एकेका टप्प्याने पुढे सरकला की त्याचा खर्च सुमारे दहापट होतो, असा या उद्योगातील जुना आडाखा आहे.

धोरणाच्या दृष्टीने

मग हा स्वस्त उपाय टाळला का जातो? आराखडा करणाऱ्याचे यश मुदतीवर मोजले जाते, तर चाचणीतील घट दुसऱ्याच संस्थेच्या खात्यावर पडते. खर्च वाचविण्याची संधी एकाकडे आणि नुकसान दुसऱ्याकडे, अशी ही विसंगती आहे. आराखडा व चाचणी करणाऱ्या संस्थांमधील करारांत चाचणीमार्गाच्या वेळ-पडताळणीची अट स्पष्टपणे असावी. मान्यता मिळालेल्या प्रकल्पांच्या भांडवली खर्चात केंद्र सरकार ५० टक्क्यांपर्यंत साहाय्य देते. यात सार्वजनिक पैसा गुंतला असल्याने, निर्दोष माल वाया जाणे हा केवळ कंपनीचा खासगी प्रश्न राहत नाही.

दुसरा मुद्दा मनुष्यबळाचा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमात पाच वर्षांत ८५,००० अभियंते प्रशिक्षित करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. या प्रशिक्षणात मंडल चालते कसे याइतकेच ते तपासायचे कसे यालाही स्थान मिळावे. विद्यार्थ्याच्या प्रकल्पाचे गुण देताना चाचणी-अवस्थेचा वेळ-अहवाल मागण्याचा परिपाठ आपण अध्यापकच पाडू शकतो. त्यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही.

मित्रहो, विश्वासार्ह मापे ही प्रत्येक बाजारपेठेची पहिली गरज असते. तराजू सदोष असेल तर प्रामाणिक उत्पादकाचाही तोटा होतो. साणंद आणि जागीरोड येथील कारखाने ज्या चिप पारखतील, त्यांच्या पारखेचा भरवसा मात्र कारखान्यात निर्माण होणार नाही. तो आराखड्याच्या मेजावर आणि त्याही आधी आपल्या वर्गांत घडवावा लागेल.