लस कुणाची, हात कुणाचे?

(लेस्टरमध्ये मराठी मंडळींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



लेस्टरमध्ये लशीचा विषय काढला की कुणीतरी १८८५ सालचा मोर्चा काढतंच. देवीच्या सक्तीच्या लशीविरुद्ध तेव्हा ह्या गावात प्रचंड निदर्शनं झाली होती. पण आज मी नकाराबद्दल बोलणार नाही. लस हवी आहे पण बाटली नाही, किंवा बाटली आहे पण टोचणारा नाही, ह्याबद्दल बोलणार आहे.

करोनाच्या लशीचे १ कोटी डोस ब्रिटनने पुण्याच्या सीरमकडून घ्यायचे ठरवले होते. मार्च २०२१ मध्ये ५० लाख आले, उरलेले अडकले. १७ मार्चच्या पत्रात एनएचएसने कळवलं की महिनाअखेरीपासून चार आठवडे पुरवठा कमी राहील. लगेच कुरकुर सुरू झाली, "इंडियाने आपली लस अडवली." त्यातला 'आपली' हा शब्द मला फार खटकला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुणे जिल्ह्यातली शंभरावर केंद्रं साठा संपल्यामुळे बंद होती. लस तयार होत होती त्याच जिल्ह्यात! तुमच्यापैकी कित्येकांचे आईवडील तेव्हा तिकडे रांगेत असतील.

मी प्रयोगशाळेतली बाई, म्हणून थोडं कारखान्याबद्दल सांगते. ज्या पेशींवर ही लस वाढवतात, त्यांना एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशव्या लागतात, मग फिल्टर, काचेच्या बाटल्या, बुचं. ह्यातलं एक अडलं की सगळंच अडलं. कच्च्या मालावरची निर्यातबंदी उठवा, असं अदर पूनावालांनी एप्रिलमध्ये ट्विटरवर थेट बायडन यांनाच लिहिलं, ते उगीच नव्हे.

टंचाईतही शहाणपणा करता येतो. ब्रिटनने ३० डिसेंबर २०२० ला दोन डोसमधलं अंतर १२ आठवड्यांपर्यंत नेलं, म्हणजे पहिला डोस अधिक लोकांना मिळावा. तेव्हा टीका झाली. माझ्या मते त्या वर्षातला तो सर्वांत चांगला निर्णय होता.

आता हातांकडे वळू. ऑक्टोबर २०२० मध्ये इथे नियम बदलले आणि डॉक्टर-नर्स नसलेल्यांनाही प्रशिक्षण देऊन लस टोचू द्यायची वाट मोकळी झाली. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचे स्वयंसेवक आले. दुसरीकडे, परत यायला तयार असलेल्या निवृत्त डॉक्टरांकडे कागदांचा ढीग मागितला गेला. त्यात दहशतवादाकडे वळणारी माणसं ओळखण्याच्या प्रशिक्षणाचा दाखलासुद्धा! ओरड झाल्यावर त्या अटी सैल केल्या.

महाराष्ट्रात हे हात आशाताईंचे. घरोघरी जाऊन याद्या करायच्या, म्हाताऱ्यांना समजावून केंद्रावर आणायचं, शिवाय रुग्णांची पाहणी. सरकारदप्तरी त्या कर्मचारी नाहीत, 'स्वयंसेविका' आहेत. म्हणून पगार नाही, मानधन. २२ मार्च २०२० ला आपल्या लोकांनी थाळ्या वाजवल्या. इथे आपण दर गुरुवारी दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्याच मार्चमध्ये इथल्या सरकारने नर्सना १ टक्का वाढ सुचवली. ती ३ टक्के व्हायला जुलै उजाडला.

आणि १५ जून २०२१ ला महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या, भर साथीत, ऐन लसीकरणात. आठवड्याभराने तडजोड झाली. महिना १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता. ५०० रुपये म्हणजे तेव्हाचे साधारण पाच पौंड.