कोयत्यावर निघण्यापूर्वी गोळीचा हिशेब शिकून घ्या



दिवाळीच्या आसपास आपल्या बीड जिल्ह्यातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पाच-सहा महिने मुक्काम कोपीवर. तिथे नको असताना दिवस गेले, तरी डोक्यावर मोळी बाईलाच वाहावी लागते. म्हणून माला-एन गोळी कशी घ्यायची ते निघण्यापूर्वीच शिका.

वाचता येत नाही म्हणून मागे राहू नका. शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. तिथे शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बायका आरोग्यसेविका झाल्या आणि त्यांनी गावाला शिकवले.

पाच-सहा जणी ओसरीवर बसा. प्रत्येकीने शाळूचे २१ आणि हुलग्याचे ७ दाणे घ्यावेत. सात-सात दाण्यांच्या चार ओळी मांडा, शेवटची हुलग्याची. पाकीट असेच असते : २१ पांढऱ्या गोळ्या गर्भ राहू न देणाऱ्या, ७ गडद गोळ्या लोहाच्या. आता एकेक दाणा उचला. एक दाणा म्हणजे एक रात्र. पहिली गोळी पाळी आल्यापासून पाच दिवसांच्या आत. अठ्ठाविसावी संपली की दुसऱ्या दिवशी नवे पाकीट, मध्ये खंड नाही.

मग शिकवणारीने एक दाणा मुद्दाम विसरावा आणि विचारावे, "आता काय गं?" गाडी हुकते ती इथेच. पांढऱ्यातल्या एक-दोन चुकल्या, तर आठवेल तेव्हा लगेच एक घ्या, पुढची तिच्या वेळेला. तीन किंवा जास्त चुकल्या, तर लगेच एक घेऊन रोजची चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. तिसऱ्या ओळीत असे झाले, तर हुलग्याची ओळ सोडून थेट नवे पाकीट. रात्री ट्रक भरायचा असला की गोळी हमखास राहते. दादांनो, आठवण करण्याचे काम तुमच्याकडे.

पहिले दोन-तीन महिने मध्येच थोडे लाल जाते, मळमळते; बहुधा आपोआप थांबते. जास्त गेले तर सरकारी दवाखान्यात दाखवा. पिशवी काढायची घाई नको. आपल्याकडच्या ऊसतोड बायकांच्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ साली शासनाला समिती नेमावी लागली.

सहा महिन्यांच्या आतले बाळ अंगावर पीत असेल, रक्तदाब किंवा कावीळ असेल, पस्तिशीपुढे बिडी ओढत असाल, तर ही गोळी नको. आशाताईंना दुसरा उपाय विचारा. बाकीच्यांनी उपकेंद्रातून सात पाकिटे मागून घ्या, फुकट मिळतात. लेकरांचा हात पोचणार नाही अशा झाकणाच्या डब्यात ठेवा.