शेवट कोणता मानावा ?

दूरचित्रवाणीवरील एखादी मालिका पुरता उलगडा न करतांच संपली कीं घरोघरीं कुरकुर सुरू होते : “मग पुढें झालें काय ?” हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचें एक उदाहरण भंडाऱ्याकडीलच आहे.

आमगांवजवळचें पद्मपूर इ. स. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यांत होतें. आतां तें गोंदिया जिल्ह्यांत मोडतें. भवभूतीनें सांगितलेलें विदर्भांतील पद्मपूर तें हेंच, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचें मत.

त्याच्या ‘उत्तररामचरिता’चा सातवा अंक पाहा. गंगातीरीं वाल्मीकींचें नाटक अप्सरा करून दाखवीत आहेत, आणि प्रेक्षकांत स्वतः राम बसला आहे. नाटकांतली सीता पृथ्वीबरोबर निघून जाते. राम मूर्च्छित पडतो. तोंच अरुंधती खऱ्या सीतेला घेऊन येते, रामाला स्पर्श कर म्हणून सांगते, आणि त्या स्पर्शानें तो सावध होतो. रामायण जाणणारा प्रेक्षक मात्र सीता भूमींत गेली, हें मनांत धरूनच आलेला असतो. शास्त्रानें सांगितलेला निर्वहणसंधि कवीनें पाळला. दुसरा शेवटही झांकला नाहीं.

लेखकालाच शेवट सुचला नसेल, तर ती प्रेक्षकांची फसवणूक होय. येथें तसें नाहीं. आमच्या घरीं वडील मंडळी या मीलनानें तृप्त होतात. धाकटी मुलगी विचारते : बारा वर्षांमागें निरपराध असतां जिला वनांत सोडलें, तिनें हात पुढें केला तो मनानें, कीं अरुंधतीच्या आज्ञेनें ?

भवभूतीनें या प्रसंगीं सीतेच्या तोंडीं थोडींच वाक्यें घातलीं आहेत.