सफोकच्या कड्यावरचं डनिच


आज जाऊ या इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक परगण्यात.
तिथं डनिच नावाचा एक छोटा पॅरिश आहे.
पॅरिश म्हणजे तिथल्या कारभाराचा सर्वांत लहान घटक.

उत्तरेला दलदल… दक्षिणेला माळरान…
मागे झाडी… पुढे उत्तर समुद्र.
वस्ती किती? दोनशेच्या आत.

मध्ययुगात मात्र हेच डनिच गजबजलेलं बंदर होतं.
हजारो माणसं. अनेक चर्चं.
मग जमिनीनंच घात केला.
इथले कडे वाळूचे, भुसभुशीत.
लाटा धडकल्या, की ढासळतात.
१२८६ साली मोठं वादळ आलं.
१३२८ साली आणखी एक.
बंदराचं तोंड बुजलं.
व्यापार गेला… पाठोपाठ माणसं गेली.
म्हणजे बघा, कडा ढासळत गेला, तशी वस्ती घटत गेली.

आता गंमत ऐका.
गाव ओसरलं, पण मान ओसरला नाही!
१८३२ पर्यंत डनिच संसदेत दोन प्रतिनिधी पाठवत होतं.
आणि मतदार? मूठभर!

ऑल सेंट्स हे जुनं चर्चही हळूहळू कड्यावरून खाली गेलं.
त्याचा मनोरा कोसळला विसाव्या शतकात.
गावकऱ्यांचं आजचं चर्च आहे सेंट जेम्स.
ते बांधलं, तेव्हा जागा निवडली किनाऱ्यापासून आत.