सागरी डिझेल इंजिनाची निगा



गोव्यात दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी असते. मालिम, कुटबण, शापोरा येथील ट्रॉलर त्या काळात धक्क्याला विसावतात. जाळी दुरुस्त होतात, लाकडाला रंग चढतो. इंजिनाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. जे यंत्र चालत नाही ते झिजत नाही, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो खरा नाही. खारी दमट हवा इंजिनाला आतून पोखरीत असते, आणि त्याचा प्रत्यय येतो तो ऑगस्टच्या उधाणलेल्या समुद्रात, तांडेल आणि खलाशी किनाऱ्यापासून दूर असताना.

बहुतेक मालक बंदी उठल्यावर, हंगामाच्या तोंडावर वंगणतेल बदलतात. ते बंदीपूर्वीच, इंजिन गरम असताना बदलणे अगत्याचे आहे. वापरलेल्या तेलात काजळी, पाणी आणि इंधनातील गंधकापासून तयार झालेली आम्ले असतात. असे तेल दोन महिने आत राहिले, तर बेअरिंगांचा गुळगुळीत पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो. जुने तेल खाडीत ओतू नये, हे वेगळे सांगावयास नको. तरी सांगावे लागते.

त्यानंतर खाऱ्या पाण्याचा मार्ग गोड्या पाण्याने धुऊन काढावा. पंपातील रबरी पंख्याची पाती एकाच जागी दबून वाकडी होतात, म्हणून तो पंखा काढून ठेवावा. डिझेलची टाकी काठोकाठ भरावी. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतील बाष्प थंड होऊन तळाशी पाणी साचते. त्या पाण्याच्या व डिझेलच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढतात आणि त्यांचा चिकट साका गाळणीत अडकतो. हवा आत घेण्याचे व धूर बाहेर सोडण्याचे तोंड कापडाने घट्ट बंद करावे, आणि चालू करण्याच्या खटक्याला तशी चिठ्ठी बांधावी. चिठ्ठीचा विसर महाग पडतो.

इंजिन बरे राहावे म्हणून रोज पाच मिनिटे चालविण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. हेतू चांगला, परिणाम उलटा. तेवढ्या वेळात इंजिन पुरेसे तापत नाही. अर्धवट जळलेले इंधन आणि पाणी तेलात उतरते. त्यापेक्षा इंजिन सुरू न करता आठवड्यातून एकदा त्याची फिरकी हाताने थोडी फिरवून ठेवावी.

हंगामात मुख्य शत्रू उष्णता. खारे पाणी तापले की त्यातील क्षार नळ्यांत पापुद्र्यासारखे बसतात आणि पाण्याची वाट अरुंद होते. पाणी बाहेर पडण्याची धार रोज पाहणारा यंत्रचालक हा धोका वेळीच ओळखतो. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास वरच्या झाकणाला, म्हणजे सिलिंडर हेडला, तडा जाऊ शकतो. ते आपोआप निवू द्यावे. हीट एक्स्चेंजरमध्ये बसविलेला जस्ताचा तुकडा स्वतः झिजून इतर धातू वाचवितो. तो अर्धा झिजला की बदलावा. त्याची किंमत हीट एक्स्चेंजरच्या मानाने नगण्य आहे.

धुराकडेही लक्ष असावे. भार असताना सतत काळा धूर येत असेल, तर हवेची गाळणी तुंबलेली असते, इंजेक्टर बिघडलेले असतात, किंवा इंजिनाच्या ताकदीपेक्षा मोठा पंखा बसविलेला असतो. निळसर धूर म्हणजे वंगणतेल जळत आहे. तेल दुधासारखे पांढरट दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे, आणि इंजिन तत्काळ थांबवावे.

या सर्वांच्या जोडीला एक वही हवी. किती तास इंजिन चालले, तेल केव्हा बदलले, गाळणी केव्हा, एवढेच तीत लिहावयाचे. तेल साधारणतः दर २५० तासांनी बदलण्याचा प्रघात आहे, परंतु निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते. गावातील शिक्षकांनी तिच्यातील कोष्टक मराठीत उतरवून दिले, आणि शाळेत जाणाऱ्या मुलाने रोज संध्याकाळी वडिलांना विचारून वहीत तास मांडले, तर पुढच्या मे महिन्यात कारागिराला अंदाजाने काम करावे लागणार नाही.